सातव्या मिनिटानंतरचं

जाहीर निवेदन. आबिड्स, नारायणगुडा, हिमायतनगर व आसपासच्या समस्त मराठी, अर्धमराठी आणि केवळ आडनावापुरत्या मराठी नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका मिशाळ गिटारवाल्याच्या चोरून टिपलेल्या मैफली आणि घरगुती कच्ची रेकॉर्डिंगं यांची शिफारस करणारे या शहरातले एकमेव पद रिक्त झाले आहे. सदर पद कायमचे बंद करण्यात येत आहे. कुणीही अर्ज करू नये. प्रस्तुत लेखकाने तर मुळीच करू नये.

झालं, मुकुंदा. घोषणा केली. तू असतास तर म्हणाला असतास, सुध्या, बस कर, इथे माणूस गेलाय, पडदा नाही वर गेलेला. पण तीन आठवडे झाले आणि मला साध्या आवाजात बोलता येईना. म्हणून आधी घसा साफ करून घेतला. आता बसून बोलतो.

त्या गिटारवाल्याला तू "मामा" म्हणायचास. त्याचं खरं नाव आपल्या दोघांत कधी निघालंच नाही. तुझ्या आजोळी, परभणीच्या बाजूला, तुझे एक मामा होते. तशाच मिशा, तशीच डोक्यावर हॅट, म्हणजे मामांच्या डोक्यावर पटका होता, पण तू म्हणायचास की मुद्दा सावलीचा आहे. तुझा एक सिद्धांतच होता. तिकडचा दक्षिण भाग म्हणजे आपलं दख्खन. कापूस तोच, ऊन तेच, उत्तरेकडच्या शहाण्यांवरचा राग तोच, आणि बोलताना शब्द ओढत ओढत न्यायची सवय तीच. "हा रॉक-बिक काही नाही," तू म्हणायचास, "शेतावरून थकून आलेला माणूस ओसरीवर बसून काय करील, ते हा करायलाय. फक्त याच्याकडे वायर आहे." मामा करंगळीत काचेची नळी घालून तारांवरून सरकवायचा तेव्हा तू डोळे मिटायचास आणि डाव्या हाताची करंगळी हवेत हलवायचास. बँकेतल्या सहकाऱ्यांना वाटायचं तुला काही आजार आहे.

त्या काळी या कॅसेटी विकत मिळत नसत, आणि तुमच्या त्या जगभर पसरलेल्या पंथात त्या विकणं हे महापाप होतं. नियम असा की दोन कोऱ्या कॅसेटी पाठवायच्या, त्यातली एक भरून परत येते, दुसरी भरून देणाऱ्याला राहते. तुझा गुरू अलाबामातला एक शाळामास्तर होता. त्याच्यासाठी तू आबिड्सच्या पोस्टात पार्सल घेऊन उभा राहायचास आणि मी सोबतीला यायचो, कारण काउंटरवर बोलायचं काम माझं. तिथले एक वयस्कर साहेब पार्सल उलटंपालटं करून विचारायचे, "इसमें क्या है साब?" तू प्रामाणिकपणे सांगायचास, कुछ नहीं है, खाली कॅसेट है. मग ते म्हणायचे, खाली है तो इत्ते दूर कायको भेज रहे? मी पुढे होऊन सांगायचो की हे आमचे मौसेरे भाऊ तिकडे आजारी आहेत, त्यांना घरच्यांचे आवाज भरून पाठवायचे आहेत. साहेबांचे डोळे भरून यायचे. बाहेर येऊन तू माझ्यावर चिडायचास. खोटं कशाला बोलायलास, म्हणून. मुकुंदा, मला खोटं बोलताना पाहण्याची तुझी सवय तेव्हापासूनची, हे मी आज स्वतःच्या बचावासाठी नोंदवून ठेवतो.

भरलेली कॅसेट आली की पहिलं काम म्हणजे तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे दात चाकूच्या टोकाने मोडायचे. ते दात मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. हे तू जानवं घालावं इतक्या गंभीरपणे करायचास. मग ऐकायचास, मग पुन्हा ऐकायचास, आणि मग ज्याला द्यायची त्याच्यासाठी एक चिठ्ठी लिहायचास. तुझ्या शिफारशी म्हणजे त्या चिठ्ठ्या. "चौदाव्या मिनिटाला चुकतो. चूक सोडून देत नाही, तिथेच घर बांधतो. ऐकावे." किंवा, "वीज गेली आहे. तरी वाजवतो. पुढच्या रांगेतल्यांनाच ऐकू येते, म्हणून मागच्या रांगेतले श्वास धरतात. तो श्वास ऐकावा." किंवा ती माझी सगळ्यात लाडकी: "खोकलेकर आले आहेत." तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन मैफलींत माइकच्या शेजारी एकच माणूस खोकत होता, असा शोध तू लावला होतास. आपण त्याचं बारसं केलं, त्याला एक बायको दिली, तिचा मामावर राग होता. चौथ्या मैफलीत तो खोकला नाही तेव्हा तू दिवसभर बेचैन होतास.

आपलं भांडण मात्र एकच होतं आणि ते आपण तीस वर्षं पुरवलं. मी नाटकवाला. माझं म्हणणं, तालीम ही प्रेक्षकाला दाखवायची वस्तू नाही. चुका घरी करा, लोकांसमोर तयार होऊन या. मामाची कंपनीने काढलेली रेकॉर्ड आहे ना स्वच्छ, मग ही खोकल्याची आणि खडखडाटाची भानगड कशाला? तुझं म्हणणं, तयार झालेला माणूस आपल्याला ठाऊक असतोच. तो तयार व्हायच्या आधी कसा होता, ते कोण सांगणार? तू आवाज चढवायचा नाहीस. पोह्यातली मिरची बाजूला काढत काढत म्हणायचास, "तालमीतच माणूस असतोय, सुध्या. स्टेजवर त्याचे कपडे असतेत." मी टाळी मागायचो, कारण वाक्य चांगलं होतं. तू द्यायचा नाहीस, कारण तू ते टाळीसाठी म्हटलेलं नसायचं.

आता ते सांगतो. इतकी प्रस्तावना मी कशासाठी करतोय, हे तुझ्या केव्हाच लक्षात आलं असेल.

तुझ्याकडे एक कॅसेट होती, स्वयंपाकघरातली. मामाला कुणी ओळखत नव्हतं त्या दिवसांतली. कुणाच्या तरी घरी, ओट्याजवळ बसून एकटा वाजवतोय, मागे भांडी वाजतायत. मास्तराने ती तुला पुष्कळ वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर पाठवली, आणि कुणाला नक्कल करून द्यायची नाही, हातोहात ऐकवायची, अशी अट घातली. तू ती पहिली मला दिलीस. चिठ्ठी होतीच सोबत. मी ती वाचली नाही. चिठ्ठी वाचून ऐकणं म्हणजे परीक्षेला गाइड नेणं, असलं काहीतरी मी तेव्हा म्हणत असे.

मी ऐकली. सात मिनिटं ऐकली. खरंच छान होती. मग मामा थांबला, खुर्ची सरकली, पावलं लांब गेली आणि नुसती घरघर उरली. मी थोडा वेळ वाट पाहिली. मला वाटलं संपली. मुकुंदा, मला मनापासून वाटलं की संपली.

आणि आमच्या मंडळाच्या एकांकिका स्पर्धेला चार दिवस राहिले होते. मी त्यात म्हातारा बाप होतो, मुलाच्या फोटोसमोर उभा राहून सहा मिनिटं बोलायचं होतं. मला माझा आवाज ऐकून पाहायचा होता. रविवार होता, आबिड्सची दुकानं बंद, घरातल्या सगळ्या कॅसेटींवर बायकोची भजनं. त्यांना हात लावायची माझी हिंमत नव्हती. तुझी होती समोर, आणि माझ्या मते सात मिनिटांनंतर रिकामी. मोडलेल्या दातांच्या जागी चिकटपट्टी लावली की काम होतं, हे मला तूच एकदा हसत हसत सांगितलं होतंस. मी चिकटपट्टी लावली. लाल बटण दाबलं आणि ती बाजू संपेपर्यंत रडलो. एकच वाक्य अकरा तऱ्हांनी रडलो.

स्पर्धा झाली. मला उत्तेजनार्थ मिळालं. चिकटपट्टी काढून मी कॅसेट तुला परत दिली तेव्हा तुझी चिठ्ठी तिच्या डबीत घडी न मोडता तशीच होती. तू ती काढलीस, माझ्यासमोर उलगडून धरलीस. एकच ओळ होती. "सातव्या मिनिटाला उठून जातो, तेव्हा बंद करू नये. खरे पुढे आहे."

तू विचारलंस, "पुढचं ऐकलास का?"

तिथे मला सांगता आलं असतं. तू चिडला असतास, महिनाभर बोलला नसतास, आणि मग पोहे खायला आला असतास. मी काय केलं? मी कपाळाला हात लावला, डोळे मिटले आणि म्हणालो, "मुकुंदा, ते पुढचं! त्याबद्दल बोलायचंच नाही आपण."

नटाला मोह असतो. बोलायचं नाही म्हणालो आणि पुढची पंचवीस वर्षं त्याबद्दलच बोललो. हिमायतनगरच्या त्या इराणी हॉटेलात आपल्या टोळक्यात विषय निघाला की मी स्वयंपाकघरातल्या त्या रेकॉर्डिंगच्या उत्तरार्धाचं वर्णन करायचो. मामा परत येतो, मी सांगायचो, गुणगुणतो, मग अचानक रडायला लागतो आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवतो, तो टेकवल्याचा आवाज, बाबांनो, तो आवाज! मी तो आवाज तोंडाने काढून दाखवायचो. तू समोर बसून बशीत चहा ओतायचास. ती कॅसेट तू नंतर कुणाला दिली नाहीस. कुणी मागितली की म्हणायचास, "सुध्याला विचारा. त्याने पुढचं ऐकलंय." मला वाटायचं तू माझ्यावर विश्वास टाकतोयस. दर वेळी मी वर्णनात एक नवीन बारकावा घालायचो.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी रेवतीचा फोन आला. तुझी लेक फोनवर थेट मुद्द्याला येते, तुझ्यासारखी नाही. नारायणगुड्याच्या हॉलमध्ये आपण बाबांसाठी बसू, भाषणं नकोत, त्यांच्या कॅसेटी वाजवू, आणि कुठल्या वाजवायच्या ते तुम्ही सांगा, म्हणाली. मी तुमच्या घरी गेलो. सुलभावहिनींनी चहा ठेवला आणि तुझ्या खोलीत आल्या नाहीत. रेवतीने तुझी निळी वही माझ्यासमोर ठेवली, जिच्यात तू प्रत्येक कॅसेटची हकीकत लिहायचास.

"काका, तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "बाबांचं हँडरायटिंग मला नाही येत वाचायला. मराठी स्लो वाचते मी, त्यात हे जोडून जोडून लिहिलेलं. मला दोन पानांत चक्कर यायली."

तुझी मुलगी सगळ्या जगाचे कॉम्प्युटर सांभाळते आणि बापाचं अक्षर तिला लागत नाही, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. मुकुंदा, त्या दिवशीचं हे हायसं वाटणं मला त्या चिकटपट्टीपेक्षा जास्त टोचतं.

मी वाचत गेलो. वीज गेलेली मैफल वाचली, खोकलेकर वाचले. ती हसली, मध्येच रडली, पुन्हा हसली. मी तुझा आवाज काढून वाचत होतो, ते बरोबर की चूक मला ठाऊक नाही. मग पान उलटलं आणि वर तुझ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं, "स्वयंपाकघर". त्याखाली पान भरून मजकूर होता. मी पहिली ओळसुद्धा वाचली नाही. दोन पानं एकदम उलटली आणि पुढच्या मैफलीवर जाऊन मोठ्याने वाचू लागलो. तिला कसं कळणार? बोटाने ती शब्द लावत माझ्या मागे येत होती, ती बिचारी एका ओळीने मागे पडली इतकंच.

मग मी शिफारशी सुरू केल्या. तुझ्या गादीवर बसून तुझ्याच मालाची दिशाभूल करणाऱ्या शिफारशी. ही वाजवू, ती वाजवू, वीज गेलेली तर हवीच. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, आणि भांडीवाली. मी विचारलं, कुठली भांडीवाली? ती म्हणाली, "काका, काय असं करता. बाबांची फेवरेट. तिच्यावरच संपवायचं."

मी पुष्कळ लढलो. टेप जुनी आहे, तुटेल. आवाज बारीक आहे, मागच्यांना ऐकू जाणार नाही. इतकं खाजगी लोकांसमोर नको. ती म्हणाली, टेन्शन नका घेऊ, मी स्पीकर आणते. मी गृहीत धरलं की लहानपणी ऐकलेली सुरुवात तिला आठवते, पुढचं तिला ठाऊक नाही. तुझ्या पश्चात, तुझ्या लोकांसमोर, तुझ्या बायको-मुलीसमोर सातव्या मिनिटाला मी ओरडून रडणार होतो आणि अकरा वेळा रडणार होतो. तिला सांगून टाकायला माझ्याकडे तीन दिवस होते. तीन दिवस मी रोज सकाळी फोन हातात घेतला आणि रोज खुर्च्या किती लागतील ते विचारून ठेवून दिला.

सांगायचं सोडून मी काय शोधून काढलं, ते ऐक. युक्ती! खुर्ची सरकण्याचा आवाज आला, पावलं लांब गेली, की आपण टाळ्या वाजवायच्या. सभेत एकाने जोरात टाळी वाजवली की बाकीचे वाजवतातच, हे माझं उभं आयुष्य आहे. टाळ्यांच्या आवाजात पुढे होऊन टेप बंद करायचा, वहिनींना हात जोडायचे, कार्यक्रम संपला.

हॉल भरला होता. बँकेतले आले होते, मंडळातले होते, तू चिठ्ठ्या लिहून कॅसेटी दिलेले पंधरा-वीस जण आपापल्या चिठ्ठ्या घेऊन आले होते. पाकिटातून काढून एकमेकांना दाखवत होते. तुला एवढी माणसं होती हे तू मला सांगितलं नव्हतंस. शेवटी रेवतीने तुझ्या जुन्या डेकमध्ये ती कॅसेट घातली. मी पहिल्या रांगेत, डेकपासून चार पावलांवर, हात तयार ठेवून.

सात मिनिटं मी काहीही ऐकलं नाही. फक्त मोजत होतो. खुर्ची सरकली. पावलं गेली. घरघर सुरू झाली आणि मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. अख्खा हॉल वाजवू लागला. मी डेककडे निघालो, तोच रेवतीने हात वर केला.

"काका, थांबा. अजून आहे."

टाळ्या थांबल्या. मी मध्येच उभा, ना खुर्चीवर ना डेकजवळ. आता मी रडणार, म्हणून मान खाली घातली. घरघर. मग नळ सुटल्याचा आवाज. भांड्यावर झाकण. पावलं परत आली, खुर्ची पुन्हा सरकली, आणि मामाने पहिल्या सात मिनिटांतलं तेच पुन्हा वाजवायला घेतलं. तेच, पण अर्ध्या वेगाने, आणि जिथे मघाशी सफाईने निघून गेला होता त्या प्रत्येक जागी थांबत. एका जागी अडला. पुन्हा गेला. पुन्हा अडला. चौथ्यांदा तिथून जे निघालं ते मला सांगता येत नाही, मुकुंदा, आणि मी सगळं सांगू शकणारा माणूस आहे. तो रडत-बिडत नाही. गिटार भिंतीला टेकवत नाही. पंचवीस वर्षं मी लोकांना सांगितलं त्यातलं अक्षरही तिथे नाही. माझ्या मागे तुझी माणसं त्या मागच्या रांगेतल्यांसारखी श्वास धरून बसली होती.

हे कसं झालं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. रेवतीकडे जाऊन मी ती उलटलेली पानं मागितली आणि तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली. या वेळी काही गाळलं नाही. तू लिहिलं होतंस की पहिली प्रत बिघडली. मास्तर तोवर वारले होते, म्हणून तू आणखी चौघांना पत्रं लिहिलीस, सहा वर्षं लिहिलीस, आणि दुसरी प्रत मिळाल्यावर रविवारी सकाळी लेकीला मांडीवर घेऊन ऐकलीस. कुणी बिघडवली ते लिहिलं नव्हतंस. त्याखाली पहिल्या प्रतीची वेगळी नोंद होती. "जपून ठेवणे. सातव्या मिनिटापासून सुध्याची तालीम. स्पर्धेत केले त्यापेक्षा पुष्कळ चांगले. नवव्या वेळचे ऐकावे. कुणास देऊ नये, त्याला आवडणार नाही."

म्हणजे तुला माहीत होतं. इराणी हॉटेलात मी तोंडाने आवाज काढायचो तेव्हाही माहीत होतं. तू भांडण जिंकला होतास, पुरावा तुझ्या कपाटात होता, आणि तू चहा पीत राहिलास. मी याबद्दल तुझे आभार मानू की तुझ्याशी भांडू, ते मला अजून ठरवता येत नाही. एकदा म्हणायचं होतंस रे. फक्त एकदा. मी पाया पडलो असतो, रडलोही असतो, आणि तू चिठ्ठी लिहिली असतीस की बारावी वेळ खरी.

रेवती माफ केलं असं म्हणते. वहिनी चहात साखर जास्त घालतात. पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. हॉलमध्ये मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिथे मी गप्प बसलो असतो तर सुटलो होतो. टेप स्वच्छ होती, कुणालाही कधी काही कळलं नसतं, मी डोळे पुसून खाली बसलो असतो आणि उरलेलं आयुष्य तुझा सगळ्यात जवळचा मित्र म्हणून काढलं असतं. चौथ्यांदा मामा त्या जागेवरून पुढे गेला, सगळा हॉल टाचणी पडली तरी ऐकू येईल असा शांत होता, आणि त्या शांततेत, मधोमध उभा राहून, मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा माझ्या तयार आवाजात मी बोलून गेलो, "अरे, पण इथे तर मी होतो! मी पुसून टाकलं होतं ना हे!"